कोणाचा रे तू?

परक्या गावात पाऊल टाकलं की पारावर बसलेला म्हातारा अजूनही हाच प्रश्न विचारतो. नाव तो नंतर विचारतो. आधी कोणाचा, मग कुठल्या आळीतला, मग तुझे आजोबा म्हणजे अमुक अमुक का? शहरात वाढलेल्या मुलांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो, आणि त्यात कधी कधी जातीची चौकशी दडलेली असते हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही या प्रश्नाच्या पोटात एक आश्वासन असतं. तू कोणाचा तरी आहेस, हे विचारणाऱ्यानं धरूनच ठेवलेलं असतं.

पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, तिथले मूळ रहिवासी असलेले माओरी लोक एकमेकांना हाच प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर देण्याची त्यांची ठरलेली रीत आहे. तिला ते ‘पेपेहा’ म्हणतात. माणूस उभा राहतो आणि आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून या बेटांवर आले त्या होडीचं नाव, मग टोळी, मग कुळ. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी येतं. तेराव्या शतकाच्या सुमारास पॅसिफिक महासागर ओलांडून आलेल्या होड्यांची नावं आजची शाळकरी पोरंही धडाधड म्हणून दाखवतात.

ही ओळखीची साखळीच ज्याच्या हातून सुटली, त्याच्या मनाचं काय होतं? आणि गावाकडे परतणं शक्य नसेल, तर ती शहरातच पुन्हा जुळवता येते का? माओरींनी गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नांची जी उत्तरं शोधली, ती आपण समजून घ्यावीत अशी आहेत.

१९४५ साली शंभरातले जेमतेम २६ माओरी शहरात राहत होते. १९६६ साली हा आकडा ६२ वर गेला आणि १९८६ च्या सुमारास ऐंशीच्या जवळ पोहोचला. एका पिढीत अख्खा समाज गाव सोडून शहरात आला. त्याआधीच्या शतकात युद्धं, जप्ती आणि खरेदीखतं यांतून बहुतेक जमीन गेली होती. उरलेल्या तुकड्यांवर वाढत्या कुटुंबांचं भागत नव्हतं. ऑकलंड आणि वेलिंग्टनच्या कारखान्यांना, गोदींना, कत्तलखान्यांना मजूर हवे होते. सरकारही ‘शहरात या’ म्हणून प्रोत्साहन देत होतं.

इथवर ही गोष्ट आपल्या गिरणगावासारखी वाटेल. पण फरक पुढेच आहे. परळ-लालबागला आलेला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस गावकऱ्यांच्या खोलीत उतरला. एका खोलीत वीस-वीस जणांची वळकटी असली, तरी ते वीसही जण एकाच गावचे होते. भजनी मंडळ होतं, खानावळवाली मावशी होती, गणपतीला गावाला नेणारी गाडी होती. माओरींच्या बाबतीत सरकारनं याच्या नेमकं उलट धोरण आखलं. एका वस्तीत फार माओरी नकोत म्हणून त्यांची घरं गोऱ्यांच्या घरांमध्ये एकेक करून विखरून द्यायची. जेवणावर मिरपूड भुरभुरावी तशी ही घरं वाटली जात, म्हणून या धोरणाला नावही मिरपुडीचंच पडलं. हेतू वाईट नव्हता, असं त्या काळचे अधिकारी म्हणत. शेजारी गोरा असेल तर माओरी लवकर ‘मिसळून जाईल’. मिसळणं म्हणजे विरघळणं, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

याचा सगळ्यात मोठा घाव मरणाच्या वेळी बसला. माओरींमध्ये माणूस गेला की देह साधारण तीन दिवस कुळाच्या अंगणात, म्हणजे ‘माराए’वर ठेवतात. त्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. लोक येतात, मृताशी बोलतात, भांडणं असतील तर तिथेच काढतात, रडतात, गातात, जेवतात. या विधीला ‘तांगी’ म्हणतात. आता हे दोन खोल्यांच्या सरकारी घरात कसं करायचं? कुणी दिवाणखान्यातलं सामान बाहेर काढलं, कुणी गाडी ठेवण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तांगी केली. शोक करायलाही जागा नसलेला समाज, असं त्या काळाचं एका वाक्यात वर्णन करता येईल.

भाषेचीही तीच गत झाली. आधीच्या पिढीनं शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या. त्या आईबापांनी शहरात आल्यावर मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. आजी नातवाशी बोलायची ती तोडक्या इंग्रजीत. ज्या भाषेत तिला डोंगराची गोष्ट सांगता आली असती, ती नातवाला येत नव्हती.

मनाचे आजार काही एका कारणानं होत नाहीत. गरिबी, बेकारी, दारू, घरातली मारहाण, सगळं एकात एक गुंतलेलं असतं. पण हिशेब बोलतो तो बोलतोच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं, की वर्षभरात मानसिक विकाराचा त्रास झालेल्यांचं प्रमाण देशभरात २०.७ टक्के होतं आणि माओरींमध्ये २९.५ टक्के. आत्महत्या करणाऱ्यांमध्ये, विशेषतः तरुणांमध्ये, माओरींचं प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आहे. लोकसंख्येत सुमारे १८ टक्के असलेला हा समाज तुरुंगातल्या कैद्यांमध्ये निम्म्याहून अधिक आहे. ‘घर नीट नाही’ म्हणून सरकारनं उचलून नेलेल्या मुलांमध्येही माओरी मुलंच फार होती. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली सुमारे दोन लाख मुलं आणि दुबळी माणसं छळली गेली, असा अंदाज शाही चौकशी आयोगानं जुलै २०२४ मध्ये अहवालात मांडला. पंतप्रधानांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेत माफी मागितली.

या सगळ्यात मनोरुग्णालयात पोहोचलेल्या माओरी माणसाला डॉक्टर काय विचारत? झोप येते का, भूक लागते का, आवाज ऐकू येतात का. प्रश्न चुकीचे नव्हते. पण ‘कोणाचा तू’ हे कोणी विचारत नव्हतं.

ते विचारणारा माणूस मानसोपचाराच्या क्षेत्रातूनच निघाला. मेसन ड्युरी हे पामर्स्टन नॉर्थ या गावातले मनोविकारतज्ज्ञ, आणि स्वतः माओरी. १९८२ साली त्यांनी एक साधी कल्पना मांडली, तीही माओरी महिला कल्याण लीगच्या कार्यकर्त्यांपुढे. या बायकांची संघटना १९५१ पासूनची. तिच्या पहिल्या अध्यक्षा व्हिना कूपर यांच्या पुढाकारानं बायकांनी ऑकलंडमध्ये घरोघर फिरून माओरी कुटुंबं कोणत्या खुराड्यांत राहतात याची मोजदाद केली होती. आता त्याच संघटनेला आपल्या बायकांच्या आरोग्याची पाहणी करायची होती.

ड्युरी म्हणाले, माणसाचं आरोग्य म्हणजे चार भिंतींचं घर. एक भिंत शरीराची, दुसरी मनाची, तिसरी कुटुंबाची, चौथी आत्म्याची. त्या चौथ्या भिंतीत पूर्वज आले, जमीन आली, अदृश्याशी असलेलं नातं आलं. एक भिंत खचली की इतर तिघींवर भार येतो. डॉक्टर पहिल्या भिंतीला गिलावा करतो, मनोविकारतज्ज्ञ दुसरीला, आणि उरलेल्या दोन पडक्या असल्या तर घर पुन्हा पुन्हा तडकतं. कल्पना इतकी सोपी, की आज ती न्यूझीलंडमध्ये शाळेतल्या मुलांनाही शिकवतात.

घराचीच उपमा का, हे माओरींचं सभागृह पाहिल्याशिवाय कळत नाही. माराएवरचं हे लाकडी घर म्हणजे पूर्वजाचं शरीरच मानतात. आढं हा त्याचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी पाख्या म्हणजे पसरलेले हात. आत शिरणं म्हणजे त्याच्या छातीत शिरणं. पाहुणे आले की सगळे तिथेच, एका रांगेत गाद्या टाकून झोपतात.

शहरातल्या माओरींनी हे घर शहरात बांधायला घेतलं. ऑकलंडच्या मांगेरे भागात ते पुएआ स्मारक माराए १९६५ साली उघडलं. पश्चिम ऑकलंडमध्ये होआनी वाइतिति माराए १९८० साली उभं राहिलं. होआनी वाइतिति हे माओरी भाषेची क्रमिक पुस्तकं लिहिणारे शिक्षक, ते १९६५ सालीच वारले होते. ही अंगणं कोणा एका टोळीची नव्हती. ज्याचं गाव कुठलंही असो, किंवा ज्याला आपलं गाव ठाऊकच नसो, त्यालाही तिथे जागा होती. १९८२ साली वेलिंग्टनजवळ पहिली ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेचं घरटं सुरू झालं. तिथे आज्या बालवाडीतल्या मुलांशी फक्त माओरीत बोलत. १९८५ साली होआनी वाइतिति माराएवर पहिली माओरी माध्यमाची शाळा निघाली. यातल्या कशावरही ‘मानसोपचार’ अशी पाटी नव्हती. पण ड्युरींच्या तिसऱ्या आणि चौथ्या भिंतीचं काम इथेच चालू होतं.

मुलीकडे ऑकलंडला गेलो असताना तिथल्या काही मराठी मंडळींबरोबर एका माराएला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. फाटकाशी थांबायचं असतं. आतून एका म्हाताऱ्या बाईची लांबवर जाणारी हाक येते. त्या हाकेत तुमच्याबरोबर तुमच्या मेलेल्या माणसांनाही बोलावलेलं असतं. मग हळूहळू चालत जायचं, बायका पुढे, पुरुष मागे. भाषणं होतात, आणि प्रत्येक भाषणानंतर त्या पक्षानं गाणं म्हणायचं. आमच्यातल्या एका बाईंनी जात्यावरची ओवी म्हटली. शेवटी नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवून श्वास वाटून घेतात आणि मग चहा-खाण्याला बसतात.

माझी पाळी आल्यावर मला डोंगर विचारला. निवृत्त बँक अधिकारी, दोन-चार कादंबऱ्यांचा लेखक, अशी ओळख मी मनात जुळवून ठेवली होती. ती तशीच राहिली. माझा डोंगर पांडवगड, माझी नदी कृष्णा, माझं दैवत जेजुरीचा खंडोबा, असं मी मराठीत म्हणालो, आणि मुलीनं त्याचं भाषांतर केलं. समोरचा म्हातारा ‘हं, हं’ करत मान हलवत होता, जणू पांडवगड त्याच्या ओळखीचा. मला त्या वेळी आठवलं ते बँकेतलं खातं उघडण्याचं आमचं जुनं फॉर्म. त्यावर ओळख देणाऱ्या खातेदाराची सही लागायची. नव्यानं शहरात आलेले मजूर काउंटरसमोर उभे राहायचे आणि ‘ओळख कोण देणार?’ म्हटलं की खाली बघायचे. शहरात माणसाजवळ पैसे नसतात तेव्हा तो गरीब असतो. ओळख द्यायला कोणी नसतं तेव्हा तो त्याहून गरीब असतो.

इथे एक शंका चाणाक्ष वाचकाच्या मनात आली असेल, आणि ती यायलाच हवी. पूर्वज, आत्मा, अदृश्याशी नातं, हे सगळं आपण चांगलं ओळखतो. याच भाषेत बोलणाऱ्या मांत्रिकांनी आपल्याकडे वेड लागलेल्या बायकांना चाबकानं फोडलं आहे, साखळीनं बांधलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी याविरुद्ध आयुष्य वेचलं. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावर त्याच डिसेंबरात महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. मग माओरींच्या ‘तोहुंगा’चं, म्हणजे पारंपरिक जाणत्याचं, आपण कौतुक कोणत्या तोंडानं करायचं?

गंमत अशी की, हा वाद माओरींनी आपल्या शंभर वर्षं आधी घातला आहे. १९०७ साली न्यूझीलंडच्या संसदेनं तोहुंगांवर बंदी घालणारा कायदा केला. तो मांडणारे मंत्री जेम्स कॅरोल हे आईकडून माओरी होते. पाठिंबा देणाऱ्यांत माओरी डॉक्टर माउई पोमारे होते. तापानं फणफणलेल्या पोरांना थंड पाण्यात बुचकळून काढणारे भोंदू त्यांनी पाहिले होते. त्यांचा संताप खरा होता. पण कायद्यानं भोंदू आणि जाणता यांत भेद केला नाही. वनस्पती ओळखणारा, वंशावळ तोंडपाठ असणारा, सुतकातल्या घराला धीर देणारा, सगळे एकाच शब्दाखाली गुन्हेगार ठरले. खटले फार झाले नाहीत, पण विद्या लपून बसली. जे उजेडात असतं ते तपासता येतं. जे लपतं ते तपासताही येत नाही आणि सुधारताही येत नाही. कायदा रद्द व्हायला १९६२ साल उजाडलं.

आज तिथे जे चाललं आहे ते उजेडात चाललं आहे. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआ या शहरात विरेमु नियानिया हे माओरी जाणते आणि ॲलिस्टर बुश हे गोरे बालमनोविकारतज्ज्ञ यांनी एकाच सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं एकत्र काम केलं. आवाज ऐकू येणारं एखादं मूल आलं की दोघंही कुटुंबासकट त्याच्यासमोर बसत. मुलाच्या जिवाला धोका आहे का, गोळ्या लागतील का, हे बघणं बुश यांचं काम. हा आवाज कोणाचा, घरात कोण गेलं, कोणाचं नाव या मुलाला ठेवलं आहे, हे विचारणं नियानियांचं. २०१७ साली त्यांनी या अनुभवांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात एकच हकिगत रुग्णाच्या घरच्यांनी, जाणत्यानं आणि डॉक्टरनं आपापल्या बाजूनं सांगितली आहे.

गिझ्बर्न या किनाऱ्यावरच्या शहरात माओरी मनोविकारतज्ज्ञ डायना कोपुआ आणि त्यांचे पती, गोंदणकलेचे जाणते मार्क कोपुआ, यांनी आणखी वेगळी वाट काढली. त्रासात असलेल्या माणसाला ते आधी रोगाचं नाव देत नाहीत, सृष्टीच्या उत्पत्तीची गोष्ट सांगतात. आकाशपिता आणि भूमाता घट्ट मिठीत होते, मुलं मधल्या अंधारात गुदमरत होती. एका मुलानं पाय ताणून आईबापांना वेगळं केलं आणि उजेड आला. पण दुसऱ्याला ही ताटातूट सोसवली नाही, तो रागानं वादळ झाला. ऐकणाऱ्या पोराला विचारतात, यातला तू कोण? ज्याचे आईबाप विभक्त झाले आहेत, जो भिंतीवर मुठी आपटतो, त्याला आपला राग हा विकार नसून फार जुनी गोष्ट आहे, असं कळतं. गोष्टीत वादळाला जागा आहे. मग आपल्यालाही असेल.

मांत्रिक आणि जाणता यांच्यातला फरक मला इथे दिसतो. मांत्रिक माणसाला कुटुंबापासून तोडून आपल्या मुठीत घेतो, डॉक्टरकडे जाऊ देत नाही आणि पैसे मोजून घेतो. हा जाणता माणसाला त्याच्या माणसांत परत बसवतो, शेजारी डॉक्टरला खुर्ची देतो आणि चौघांच्या देखत बोलतो. आपल्या कायद्याचा रोखही पहिल्यावरच आहे.

हे सगळं लिहिताना मुंबईतले वारली डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ते शहरात आलेच नाहीत, शहर त्यांच्यावर चालून आलं. आरे वसाहतीतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वाघदेवाची पूजा अजून होते, तारपा अजून वाजतो. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं रातोरात पडली, तेव्हा आपण पर्यावरणावर भांडलो. पाड्यावरून उंच इमारतीत गेलेलं कुटुंब वाघदेव कुठे मांडणार, लग्नात तारप्याभोवतीचा फेर सदनिकेच्या कुठल्या कोपऱ्यात धरणार, हा प्रश्न पर्यावरणाच्या जोडीनं मनाचाही आहे. दोन खोल्यांत तांगी करणाऱ्या ऑकलंडच्या माओरींनी तो सोसला आहे. पुनर्वसनाच्या नकाशात खोल्यांचं क्षेत्रफळ असतं. अंगणाचं नसतं.

आणि तरीही, गाणी-गोष्टींनी भाडं भरलं जात नाही, हेही तितकंच खरं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला पेपेहा शिकवून चालत नाही. माओरी संघटना हे पहिल्यापासून म्हणत आल्या आहेत. २०२० पासून तिथलं अपघात भरपाई महामंडळ पारंपरिक माओरी उपचारांचा खर्च देऊ लागलं. जुलै २०२२ मध्ये माओरींसाठी स्वतंत्र आरोग्य प्राधिकरण निघालं, आणि सरकार बदलल्यावर जून २०२४ अखेर ते मोडीतही निघालं. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हातानं काढून घेण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. म्हणूनच सरकारी योजनेपेक्षा स्वतः बांधलेल्या अंगणावर त्या लोकांचा भरवसा जास्त आहे.

२०१६ च्या हिवाळ्यात ऑकलंडमधली घरभाडी इतकी भडकली होती, की नोकरी करणारी कुटुंबंसुद्धा पोरांसकट मोटारीत झोपत होती. तेव्हा मांगेरेच्या ते पुएआ माराएनं आपली दारं उघडली. शंभरावर माणसं त्या हिवाळ्यात तिथे राहून गेली. स्वयंसेवक रांधत होते, कोणी कपडे आणत होतं, कोणी सरकारी कचेरीत त्यांच्याबरोबर जाऊन घरासाठी अर्ज भरत होतं. एकेका कुटुंबाला घर मिळालं की निरोप देत होते. आलेला माणूस कुठल्या टोळीचा, त्याला भाषा येते का, त्याचा डोंगर कोणता, हे सगळं माराएवर महत्त्वाचं असतं. पण त्या दिवसांत ते नंतर विचारलं गेलं. आधी पानं मांडली गेली.